मागून पळणारा बिरू

कोंबडं आरवलं की बिरूचा दिवस सुरू व्हायचा. धनगरवाड्यावरून दुधाची कावड खांद्यावर घ्यायची आणि डोंगर उतरून भोरला पोचवायची, ही त्याची मजुरी. भरल्या कावडीबरोबर धापा टाकून चालत नाही, श्वास एका मापात ठेवावा लागतो. मेंढरांमागं वाढलेल्या या पोराला भोरच्या फुटबॉल संघात खेळायचं होतं. पुण्याचा सामना तोंडावर आला होता आणि संघात जागा एकच उरली होती.

संघ बांधणारे आनंदराव पलटणीतून परतलेले हवालदार. त्यांनी दमाची परीक्षा ठेवली. सगळ्यांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या, शेवटपर्यंत पळेल तो संघात.

बिरू धोतर खोचून पळाला, पण सगळ्यांच्या मागून. कुणी रेंगाळलं की हा शीळ घालायचा.

"ए मेंढक्या, दूध सांडंल म्हणून जपतोस व्हय?" पोरं हसली.

उन्हं चढली. एकेक जण कमरेवर हात ठेवून बाजूला बसला. सगळे बसले तरी बिरू पळतच होता.

"अरं, एवढा दम हाय तर पुढं का न्हाई गेलास?" हवालदारांनी विचारलं.

"म्या पुढं गेल्यावर मागं राहिलेल्याला कोण हाकणार, हवालदारसाहेब?"

हवालदार पोट धरून हसले. "घेतला तुला. गोलापाशी, मागंच उभा ऱ्हा. पर धोतरात न्हाई चालायचं."

त्या महिन्याची कावडीची मजुरी थेट शिंप्याकडं गेली. बिरू पुण्याला निघाला तो आयुष्यातली पहिली खाकी चड्डी घालून.