कुत्रीचा पाचवा टाका

भोपाळच्या कारखान्याच्या वसाहतीत मी जनावरांची डॉक्टर होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. ऑपरेशननंतर टाक्यांमधलं अंतर जरा कमीजास्त वाटलं की भूल उतरायच्या आत ते उसवून पुन्हा घालायचे. जनावराला त्याचं काय पडलंय? पण मला घास जात नव्हता, आणि नवरा माझा मूड बघूनच तोंड उघडायचा.

शेजारच्या काकांच्या कुत्रीला नऊ टाके घातले. ते तपासायला रोज दोनदा त्यांच्या घरी जायचे. मला पाहिलं की कुत्री पलंगाखाली. काका मूळ नागपूरचे, कारखान्यात तयार पार्ट मापून पास-नापास करणारे. बाराव्या दिवशी ते म्हणाले, "काहून येता बाई रोज?"

"पाचवा टाका तिरका गेलाय."

"आमच्या प्रत्येक ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिलेला असते. इतकं कमी चालेल, इतकं जास्त चालेल. तो नसला तर आम्ही ड्रॉइंगच वापस पाठवतो. तसा पार्ट कोणाच्या बापाच्यानं बनत नाही."

मी भडकले. "हा पार्ट नाही, काका. जीव आहे!"

"तेच तर सांगून राहिलो. तुमचा."

तेवढ्यात कुत्री पलंगाखालून बाहेर आली, माझ्यादेखत तिनं पाचवा टाका दातांनी उपटला आणि शेपूट हलवत अंगणात निघून गेली.

तिची जखम केव्हाच भरली होती.