शोभा ‘जाते’ म्हणाली

मैत्रिणींनो, सत्तरच्या दशकात शाळा सुटल्यावर आपण मराठी मुली कलकत्त्यात एस्प्लनेडला डमडमच्या बसची वाट बघत ‘गो’चा भविष्यकाळ घोकायचो, आठवतं? आय शॅल गो, आय शॅल हॅव गॉन.

शोभाने घरी घोकलं की तिची आई ओरडायची, “सारखं जाईन, जाईन काय? येईन म्हण!” मग ती घरी ‘कम’ चालवायची. वर्गात सिस्टरांनी ‘गो’ विचारलं, तेव्हाही ठामपणे “आय शॅल कम” म्हणाली आणि तासभर बाकावर उभी राहिली.

आज दुपारी हॉस्पिटलमध्ये तिला भेटले. निघताना म्हटलं, “येते गं.”

ती हसली. “तू ये. मी मात्र आता जाते.”

“गप! आई ओरडेल तुझी.”

“ओरडू दे गं. किती वर्षांत ओरडली नाहीये.”

संध्याकाळी शोभा गेली.

तिने सांगून ठेवलेलं लिहिते. निळी ढाकाई कुंदाला, पण कपाटात ठेवायची नाही, नेसायची. हार्मोनियम रत्नाला, वाजवता येत नसली तरी. पुरणयंत्र मला. आणि शाल वॉर्डातल्या मावशींना. ती मी परत हॉस्पिटलमध्ये जाऊन त्यांच्या खांद्यावर घालूनच घरी आले.