खारट टाकी
आज आमटी आटून खारट झाली आणि शनवारा मोहल्ल्यातल्या जुन्या घरातली माझी समुद्री पाण्याची काचेची टाकी आठवली. त्या उन्हाळ्यात टाकीतले मऊ कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, आक्रसून बसले होते. मी दिवे बदलले, पंप धुतला. पाणी कमी झालं की रोज मिठाचं पाणी ओतत होतोच. त्याआधी दोनच महिने लग्न होऊन फोपनार गावाहून आलेली बायको हळूच म्हणाली, "अहो, आमटी आटली की खारट होते ना? पाणी उडतं, मीठ थोडंच उडतं! साधं पाणी टाका." मग रोज थोडं खारं पाणी काढून फिल्टरचं साधं पाणी टाकत गेलो. आठवड्याभरात कोरल फुलले. मित्रांना मात्र मी ऐटीत सांगितलं, कोरल आक्रसण्याचं कारण मीच शोधलं. ती शेजारीच उभी होती. आज पहिल्या घासाला मी तोंड वाकडं केलं, तर बायको म्हणाली, "खारट होण्याचं कारण तुम्हीच शोधा ना, तुम्हाला जमतं."