हाताने आणलेलं चित्र

चार चित्रकार एकत्र आले की चित्रं कमी आणि किस्से जास्त तयार होतात. चित्रं निदान फाटतात, बुरशी लागून जातात. किस्से मात्र माळ्यावरच्या डब्यांसारखे साठतच राहतात. आमच्या पनवेलच्या ग्रुपचे किस्से मी अजून सांगतो, लोक पोट धरून हसतात. एक मात्र मी सहसा सांगत नाही. आज सांगणार आहे.

आम्ही चौघं. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. सुहास बँकेत, खांदा कॉलनीत नवीनच राहायला आलेला, इंग्रजी फर्डं. इक्बालभाई साइनबोर्ड पेंटर. निवडणुकीत सगळ्या पक्षांच्या भिंती तेच रंगवायचे. आणि नामदेव, उरणकडच्या मिठागराच्या गावातला, माझाच जुना विद्यार्थी, कळंबोलीला एका गोदामात नोकरीला.

नव्वदीची सुरुवात होती. सुहास एका परदेशी मासिकातून पत्ते उतरवून घेऊन आला आणि म्हणाला, "आपण इंटरनॅशनल एक्झिबिशन भरवायचं! पनवेलमध्ये!"

"आणि विमानाचं भाडं?" मी विचारलं.

"चित्रकार कशाला येतायत? चित्रं येतील. पोस्टाने!"

परदेशात तशी पद्धतच होती म्हणे. कुणीही काहीही पोस्टाने पाठवायचं आणि आलेलं सगळं लावायचं. आम्हीही पत्रकात ठळक छापलं : निवड नाही, नकार नाही, आलेलं प्रत्येक काम भिंतीवर लागेल. नामदेवला ती ओळ फार आवडली. "सर, असा नियम सगळीकडं पायजे," म्हणाला.

*

दोन महिन्यांनी टपाल सुरू झालं. जपान, हंगेरी, कुठून कुठून. एके दिवशी आमचे पोस्टमन दारात बूट घेऊन उभे! खराखुरा पुरुषी बूट, डावा, ब्राझीलहून आलेला. टाचेवर तिकिटं, तळव्यावर माझा पत्ता.

"सर, माफ करा हं, आठ दिवस पोस्टातच ठेवला होता," ते म्हणाले. "म्हटलं दुसरा आला की जोडीच देऊन टाकू!"

*

पोलंडहून एक कार्ड आलं. दोन्ही बाजूंनी कोरं, कोपऱ्यात फक्त सही. सुहास म्हणाला, "हे या प्रदर्शनातलं सर्वांत थोर काम आहे." आणि तो बँकेत निघून गेला.

संध्याकाळी परत येऊन बघतो तर कार्डावर मावळता सूर्य, दोन माड आणि एक होडी. इक्बालभाई ब्रश पुसत होते.

"बिचाऱ्याचा रंग संपला असेल," ते म्हणाले. "एवढ्या लांबून पाठवलंय, कोरं कसं लावायचं?"

सुहास दोन दिवस कुणाशी बोलला नाही. प्रदर्शनात सगळ्यात जास्त गर्दी मात्र त्याच कार्डासमोर!

*

नामदेवचं चित्र पोस्टाने आलं नव्हतं. चार फुटी कॅनव्हास, त्याने तो एस्टीच्या टपावर बांधून आणला. त्यावर एक प्रचंड काळा अंगठा. जवळ गेलं की ठशाच्या रेषांमध्ये मिठागराचे बांध दिसायचे, पाणी दिसायचं. अंगठा त्याच्या आईचा. नव्या शहरासाठी त्यांची जमीन गेली, तेव्हा कागदावर तिने लावलेला.

मी तोवर नामदेवला बरा चित्रकार समजत होतो. ते चित्र बघितलं आणि कळलं, आमच्यात चित्रकार एकच आहे. हे मी त्याला तेव्हा सांगायला हवं होतं.

*

प्रदर्शनाचा हॉल एका ट्रस्टचा होता आणि ट्रस्टचे अध्यक्ष अप्पासाहेब. उद्घाटनाला त्यांनी जिल्ह्यातल्या सत्ताधारी पक्षाच्या एका बड्या साहेबांना बोलावलं होतं. आदल्या दिवशी व्यवस्था बघायला आले आणि अंगठ्यासमोर थबकले.

"मास्तर, हे कुठल्या देशाचं?"

"आपलंच आहे. नामदेवचं. जमिनीच्या कागदावरचा त्याच्या आईचा अंगठा."

अप्पासाहेबांचा चेहरा उतरला. कारण गावोगाव फिरून, लोकांना समजावून कागदांवर अंगठे घेणारे म्हणजे उद्याचे उद्घाटक साहेबच होते! "उद्या सकाळपर्यंत हे उतरवा. नाहीतर हॉलला कुलूप लागेल," अप्पासाहेब म्हणाले आणि गेले.

बातमी फुटायला तासही लागला नाही. विरोधी पक्षाची जीप आली. त्यांचे पुढारी उत्साहात होते. "चित्र आम्हाला द्या. मोर्चात सगळ्यात पुढे धरतो! अशी शंभर पोस्टरं रंगवून घेऊ!"

नामदेव म्हणाला, "ती माजी आय हाय. बॅनर नाय."

जीप गेल्यावर इक्बालभाईंनी सुस्कारा सोडला. "बरोबर बोललास रे. पण शंभर पोस्टरं मीच रंगवणार होतो ना!"

हसलो आम्ही तेव्हा. चौघं एकत्र हसलो ते तेवढंच शेवटचं.

*

आमच्यात निर्णय हात वर करून व्हायचे. बसलो. मी म्हटलं, "नियम तर आपणच छापलाय. नकार नाही." त्यावर सुहासने चष्मा पुसला आणि म्हणाला, "नियम पोस्टाने आलेल्या कामांसाठी आहे. हे हाताने आणलेलं आहे."

काय डोकं! बँकेतल्या माणसालाच सुचावं. इक्बालभाई उठून खिडकीपाशी गेले, त्यांनी हात वर केलाच नाही. चित्र उतरवायच्या बाजूने सुहासचा वर होता. नामदेव करणार नव्हताच. उरला माझा.

शंभर चित्रांसाठी एक काढावं लागतंय, असं मी मोठ्याने म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. आमच्या शाळेच्या कमिटीवरही अप्पासाहेबच होते आणि माझी नोकरी इतक्या वर्षांनंतरही कायम झालेली नव्हती. मी हात वर केला. आज इतकी वर्षं झाली, तो हात मला लाज आणतो.

नामदेव भांडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता "बरं सर" म्हणाला. चित्र त्यानेच उतरवलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि स्टेजच्या पडद्यामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

*

उद्घाटन थाटात झालं. साहेब ब्राझीलच्या बुटासमोर बराच वेळ उभे राहिले. मग भाषणात म्हणाले, "या बुटाकडे पाहून तरुणांनी कष्टाचं महत्त्व ओळखावं!" टाळ्या पडल्या. पेपरात फोटो आला : साहेब, अप्पासाहेब, बूट आणि मी. कायम झाल्याची माझी ऑर्डर त्याच वर्षी निघाली.

*

शेवटच्या दिवशी दुपारी हॉल रिकामा होता. मी एकटाच टेबलाशी बसलेलो. दारात नामदेव, आणि सोबत त्याची आई. ठेवणीतलं लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा. नामदेवने तिला घरी काहीच सांगितलेलं नव्हतं, हे माझ्या तिथेच लक्षात आलं.

तिने चारही भिंती नीट बघितल्या. बूट बघून हसली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, माजा आंगठा कुठं हाय?"

नामदेव खाली बघत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "काकी, ते चित्र परदेशात पाठवलं. तिकडच्या लोकांनी मागून नेलं."

तिचा चेहरा उजळला. मग जरा काळजीत पडली. "तितल्या लोकांना सांगितलं ना? मी आंगठा लावला तवा मना कागद कुनी वाचून दाखवला नव्हता म्हनून? नायतर त्यांना वाटंल, म्हातारीनं राजीखुशीनं दिली जमीन."

"सांगितलंय काकी. चित्राखाली इंग्रजीत लिहिलंय."

ती नामदेवकडे वळली. "खरं का रं?"

नामदेवने एकदा स्टेजच्या पडद्याकडे बघितलं. मग आईच्या हातातली पिशवी घेतली.

"सर सांगतात म्हंजे लिवलंच असंल. चल आये, एस्टी जाईल."