आटलेलं काळं

"पांढरं ते पांढरं दिसावं, काळं ते काळं. मधलं काही नको."

हे दादाचं बोलणं. दिवसातून एकदा तरी त्याच्या तोंडून निघायचंच. शर्टाची कॉलर मळली की निघायचं, कुणी हो-नाही करत घुटमळायला लागलं की निघायचं, आणि गाडीच्या बंपरवर पुसट पट्टा दिसला की हमखास निघायचं. त्याच्या धाकट्या भावाने ते इतक्या वेळा ऐकलं होतं की दादाने तोंड उघडण्याआधीच तो मनातल्या मनात ते पुरं करायचा.

दादा इस्पितळाची गाडी चालवायचा. म्हणजे गाडी त्याची स्वतःची, काम इस्पितळाचं. ज्यांना आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं, अशा माणसांना घरून आणायचं आणि परत घरी सोडायचं. अकरा वर्षं त्याने हे केलं. येताना ती माणसं बोलायची, जाताना बोलायची नाहीत, आणि कुणाशी केव्हा गप्प राहायचं हे दादाला कळत होतं. अंगात पांढरा शर्ट, पांढरी पँट, वर इस्त्री अशी की घडीने बोट कापावं. बाकीच्या ड्रायव्हरांनी त्याचं नाव बगळा ठेवलं होतं. दादाला राग यायचा नाही. तो म्हणायचा, बगळा तर बगळा, पण कावळ्यांनी ठेवलेलं नाव आहे, तेव्हा मान मोठाच म्हणायचा.

गाडीही त्याच्यासारखीच पांढरी. आणि खालची सगळी कड काळ्या प्लास्टिकची. पुढे-मागे बंपर, दारांवरून जाणाऱ्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी, आरशांची कवचं. पांढऱ्यावर काळं, जणू दादाचं बोलणंच चार चाकांवर उभं केलेलं.

ते काळं राखायचं काम धाकट्याचं. गल्लीच्या टोकाला त्याचं दुकान होतं. पुढे पत्र्याची पडवी, एक नळ, पाणी जायला मोरी, एक स्टूल आणि भिंतीवर फडकी वाळत घातलेली. लोक धुवायला गाड्या आणायचे, पण त्याचं नाव झालं होतं ते दुसऱ्या कामासाठी. उन्हात राहून राहून गाडीचं काळं प्लास्टिक राखाडी पडतं, खडू चोळल्यासारखं दिसायला लागतं. ते तो परत काळं करून द्यायचा. म्हणून तो काजळ्या. एक भाऊ बगळा, एक काजळ्या. वहिनी म्हणायची, आमच्या घरात कपडे धुवायला टाकताना दोन ढीग वेगळेच ठेवावे लागतात.

इतर दुकानदार बाटलीतलं तेलकट पॉलिश फासायचे. लावलं की चकाकायचं, आठ दिवस टिकायचं, हात लावला की हाताला यायचं. धाकट्याला त्याचा तिटकारा होता. एक विक्रेता फुकट बाटली देऊन गेला होता, ती त्याने साबणाच्या डब्यामागे सरकवून ठेवली ती तशीच. तो प्लास्टिक नीट धुवायचा, कोरडं करायचा, आणि मग गरम हवेची बंदूक घेऊन बसायचा. वीतभर अंतरावरून ती फिरवायची, एका जागी थांबायचं नाही, फार लांबही धरायची नाही. प्लास्टिकच्या पोटात मुळातलं तेल असतं, ते उष्णतेने वर येतं. राखाडी जागेवरून हवा सरकली की मागे काळा रस्ता उमटत जायचा. पाटीवर ओलं फडकं फिरवावं तसा. फरक एवढाच, की पाटी वाळते आणि हे वाळत नाही. ते बघताना गिऱ्हाईकं चहा प्यायची विसरायची. आणि धाकटा प्रत्येकाला बजावून सांगायचा, आता तीन वर्षं परत येऊ नका.

सगळ्यांना सांगायचा, फक्त दादाला नाही.

दादा दर रविवारी यायचा. स्टुलावर बसायचा, चहा व्हायचा, आणि मग बोट दाखवून म्हणायचा, जरा इथे बघ रे, पुसट वाटतंय. तिथे पुसट काही नसायचं. पण धाकटा बंदूक उचलायचा. बाप लवकर गेल्यावर याच दादाने कोवळ्या वयात स्टिअरिंग धरलं होतं. धाकट्याची पाटी, बूट, पुढे त्याचं लग्न, पडवीचा हा पत्रा, सगळ्याला दादाचा हात लागलेला. त्याला परत द्यायला धाकट्याकडे होतं तरी काय? थोडी गरम हवा. ती तो दर रविवारी देत राहिला, आणि दादा डोळे भरून बघत राहिला.

मागच्या वर्षी काळं यायला वेळ लागू लागला. आधी हवेबरोबर धावत यायचं, आता मागून पाय ओढत आल्यासारखं यायचं. वासही वेगळा, करपट. धाकट्याला कळायचं ते कळलं. विहिरीतून रोज उपसलं तर ती आटते. ज्या तेलावर गाडीने जन्म काढायचा, ते त्याने पाच वर्षांत मायेने उपसून टाकलं होतं. तो कुणाला बोलला नाही. एकदा वहिनी दादाला सहज म्हणाली, त्या गाडीला एवढं चोळता, एक दिवस तिचं सालपट निघेल, अति तिथे माती. सगळे हसले. धाकटाही तोंडाने हसला.

अशात इस्पितळात नवे साहेब आले. त्यांनी नोटीस लावली की सोमवारी सगळ्या गाड्या आवारात उभ्या करून तपासल्या जातील, आणि आठ वर्षांवरच्या गाड्या कामावरून काढल्या जातील. खाली एक ओळ होती, दिसायला आणि चालायला उत्तम असलेल्या गाड्यांचा विचार होऊ शकेल. दादाच्या गाडीला बारावं वर्ष लागलं होतं. चालण्याची त्याला काळजी नव्हती. इंजिन घड्याळासारखं होतं. दिसण्याची होती. या वयात तो दुसरी गाडी घेणार नव्हता आणि दुसऱ्याची गाडी त्याच्या हाती कुणी देणार नव्हतं. गाडी उतरली की ड्रायव्हर उतरला, इतका सरळ हिशोब. बंपर रंगवून घेतला तर ठोकलेली गाडी समजून साहेब पुढची तपासणीच करणार नाहीत, हे सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं. आणि त्या गाडीचे सुटे भाग कंपनीने बनवणं केव्हाच थांबवलं होतं.

रविवारी सकाळी दादा गाडी घेऊन आला. वहिनी निघताना काय म्हणाली तेही त्याने हसत सांगितलं. स्वतःचं डोकं पांढरंफेक झालंय ते राहिलं बाजूला, आणि निघाले गाडीचे केस काळे करायला.

धाकट्याने गाडी धुतली. पाणी होतं तोवर बंपर काळाभोर दिसत होता. दोघे भाऊ शेजारी उभे राहून बघत होते. मग कडेकडेने तो वाळू लागला. जिथे वाळला तिथे राखाडी, जिथे ओला तिथे काळा, आणि राखाडी पुढे सरकत सरकत मधलं काळं तळहाताएवढं राहिलं, मग रुपयाएवढं, मग तेही गेलं.

"साहेब येईपर्यंत पाणी मारत राहू का?" दादा म्हणाला आणि स्वतःच हसला.

धाकट्याने बंदूक लावली. चाकाच्या कमानीवरून एकदा फिरवली, दोनदा फिरवली. काही वर आलं नाही. त्याने अंतर कमी केलं. बंपरच्या कोपऱ्यावर जरा जास्त थांबला, तर तिथलं प्लास्टिक दुधावरच्या सायीसारखं आकसलं. त्याने झटकन हात मागे घेतला आणि त्या जागेवर फडकं ठेवलं, जणू पुसतोच आहे.

दादाने विचारलं, काय झालं. ऊन फार आहे, तो म्हणाला, प्लास्टिक आधीच तापलंय, जरा निवू दे, गाडी ठेवून जा. दादा स्टुलावरून उठला. त्याने भावाकडे नीट पाहिलं. आयुष्यभर त्याने धाकट्याचा चेहरा वाचला होता, त्या दिवशी वाचायचं नाही असं ठरवल्यासारखा तो बंपरकडे वळला.

"होईल ना? हो की नाही ते सांग. मधलं नको."

नाही म्हणायला दोनच अक्षरं लागतात. पण नाही म्हटलं की का, हे विचारलं जाणार, आणि मग मीच आटवलं हे सांगावं लागणार. धाकट्याने कोपऱ्यावरचं फडकं आणखी घट्ट दाबलं.

"होईल," तो म्हणाला.

दादा गल्लीतून निघून गेला तशी धाकट्याने पुन्हा बंदूक उचलली. आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे लावून पाहिली. मग ती बंद केली. बराच वेळ तो दादाच्या स्टुलावर बसून राहिला. नळ ठिबकत होता. बाजूच्या शिवणवाल्याने विचारलं, आज काम बंद आहे का, तर त्याने मान हलवली, ती हो होती की नाही ते शिवणवाल्यालाही कळलं नाही. शेवटी तो उठला, साबणाचा डबा बाजूला केला आणि मागची बाटली काढली. झाकण घट्ट बसलं होतं. ते उघडलं तेव्हा दुपार उतरली होती.

त्याने पॉलिशचे तीन हात दिले. प्रत्येक हातानंतर कोरड्या फडक्याने चोळलं. गाडीची कड काळी दिसत होती, फार काळी, नुकत्याच पाण्यातून निघालेल्या म्हशीसारखी. त्याने तिच्याकडे पाठ करूनच शटर ओढलं.

सकाळी सातला दादा आला. गाडीभोवती एक फेरी मारली. भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मग म्हणाला, चल माझ्याबरोबर. तुझ्या हाताचं काम आहे, तू असायला हवंस.

आवारात गाड्या ओळीने लागल्या होत्या. ऊन चढत होतं. बगळा आला, बगळा आला, असं झालं. एकाने गाडी पाहून विचारलं, लग्नाला निघालीय का ही? दादा म्हणाला, दुसरेपणाची आहे, पण मागण्या येतात अजून. सगळे हसले. धाकटा भिंतीच्या सावलीला उभा होता. तिथूनही त्याला ती चकाकी दिसत होती. खरं काळं चकाकत नाही, निवांत असतं.

इतक्यात दोन गाड्यांच्या मधून एक चाकाची खुर्ची आली. दादाच्या गाडीतून नेहमी यंत्रावर येणारी मावशी होती, तिचा मुलगा खुर्ची ढकलत होता. जागा अरुंद. दादा मागे सरकला, पोट आत ओढून आपल्याच गाडीला चिकटून उभा राहिला आणि मावशीला म्हणाला, सावकाश जा, मी दुपारी न्यायला येतोय. मावशीने मान हलवली. खुर्ची गेली, दादा पुढे झाला आणि शर्ट सरळ केला, समोरून.

साहेब तरुण होते, आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी इंजिन चालू करायला सांगितलं, ऐकलं, मान डोलावली. दारं उघडून बघितली. मग चालता चालता दारावरच्या पट्टीवरून सहज एक बोट फिरवलं, आणि थांबले.

"हे काय लावलंय काका?"

दादा ताठ उभा राहिला. "लावलेलं काही नाही साहेब," तो म्हणाला, आणि त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असा धाकट्याकडे हात केला. "तो माझा भाऊ. वरून फासत नाही तो. आतून काढतो."

साहेबांनी बोट पुढे केलं. बोटाचं टोक काळं होतं, तेलकट. दादाने आधी बोटाकडे पाहिलं, मग पट्टीकडे, मग भावाकडे.

साहेबांनी रुमालाने बोट पुसलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की गाडीचं वय झालंय, ते झाकून झाकलं जात नाही, आणि त्यांच्याही हातात फारसं काही नाही. आत जाऊन गाडीचं कार्ड जमा करा, काका. आणि ते पुढच्या गाडीकडे गेले.

धाकटा जवळ आला. त्याला पुष्कळ सांगायचं होतं. दर रविवार सांगायचा होता, करपट वास सांगायचा होता.

"दादा, ते आटलं," तो म्हणाला. "मीच आटवलं."

दादाने आरशाला लटकवलेलं कार्ड काढलं. त्याची दोरी बोटाभोवती गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली.

"आटतं," तो म्हणाला. "पण मग नाही म्हणायचं रे. मी ऐकलं असतं."

मग कार्ड हातात घेऊन तो कचेरीच्या दाराकडे निघाला, नेहमीसारखा ताठ, नेहमीच्या चालीने. तो पाठमोरा झाला तेव्हा सगळ्यांना दिसलं. कमरेखाली, शर्टाच्या मागच्या घेरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवा काळा पट्टा उमटला होता. ओळीतल्या एकाने, अहो बगळे, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. दाराशी थांबलेल्या मावशीने मुलाला खुर्ची वळवायला सांगितली आणि तीही बघू लागली.

धाकटा दोन पावलं पुढे गेला. खिशात हात घातला. फडकं होतं, पण ते कालचंच, पॉलिशचं होतं. तो तिथेच उभा राहिला, आणि पायऱ्या चढून दादा आत दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.