ओवाळायचं ताट
तुपात भिजलेल्या वातीचा वास आला की मी पुन्हा रायापूरच्या आमच्या दारात उभी असते. आदल्या विधानसभेला विरोधी पक्षाच्या उमेदवाराच्या माणसांनी माझ्या नवऱ्याचा हात मोडला होता. पुढच्या खेपेला मात्र त्यांच्या आणि आमच्या पक्षाचं जमलं. इथं आम्ही त्यांना मदत करायची, शेजारच्या कलघटगी मतदारसंघात त्यांनी आम्हाला. म्हणून तोच माणूस गळ्यात हार घालून, हलगी वाजवत मतं मागायला आमच्याकडे आला, आणि "बर्री, बर्री अण्णा," असं कानडीत 'या, या' म्हणत हेच पुढं झाले. दारी आलेल्या उमेदवाराला घरच्या बाईनं ओवाळायचं, ही आमच्या गल्लीची रीत. मी आत वळले, तर ह्यांनी ताट माझ्या हातात दिलं. देताना तो वाकडा राहिलेला कोपर अगदी माझ्या डोळ्यांपुढं आला. "मला नका हो सांगू," मी पुटपुटले. "सगळे बघतायत, हस जरा," हे म्हणाले. पुढं मोबाईल, मागं सासूबाई, हलायला जागा नव्हती. मी कुंकू लावलं, हसलेसुद्धा. पुढं युती मोडली, आणि तो माणूस परत आमचा वैरी झाला. आता पुन्हा निवडणूक आलीय. आज सकाळीच हे म्हणाले, "ताट घासून ठेव." कुणासाठी, ते अजून त्यांनाही ठाऊक नाही.