वत्सूला बघायला आलेले

गॅलरीत कपडे वाळत घालायला जावं आणि ते काढेपर्यंत दोन-चार किस्से जमलेले असावेत, अशी आमची लालबागची चाळ. पण आज सांगते ते फक्त शेजारच्या वत्सूचे. तिचं लग्न जमेना, आणि घोर सगळ्या मजल्याला!

*

पहिलं स्थळ आलं. मुलाच्या आत्यानं उठून वत्सूची वेणीच ओढली! गंगावन तर नाही ना, बघायला! केस खरे निघाले. नकार रंगावरून आला.

*

वत्सू खोताच्या वाडीत मारीबायकडे शिवणकामाला जायची. मारीबाय सांगायची, सौंदर्यस्पर्धा म्हणे अमेरिकेत समुद्राकाठच्या हॉटेलवाल्यांनी काढली. सीझन संपला तरी गिऱ्हाईक हलू नये म्हणून!

वत्सूची आई म्हणाली, "बरं आहे की! आमच्याकडे पोरी उभ्या करायच्या आणि वर पोहेपण आम्हीच द्यायचे!"

*

तरी मारीबायनं फोर्टातल्या एका स्पर्धेत वत्सूचं नाव घातलंच. सोबतीला मी. अशी संधी सोडते होय!

तिथल्या बाईनं विचारलं, "स्विमिंग कॉश्च्यूम कुठाय?"

वत्सू म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे मोरीलासुद्धा पडदा असतो!"

दारातूनच परत पाठवलं. ट्राममध्ये हसत होती. उतरल्यावर रडली.

*

मग तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावरच्या गोळीबाराचा दिवस. वत्सू मोर्च्यात नव्हतीच हो. वडलांचा डबा घेऊन गिरणीकडे निघाली होती. गोळी गुडघ्यात शिरली.

हॉस्पिटलात शुद्धीवर आली तेव्हा उशाशी मी.

"काकू, डबा पोचला?"

भाजी-भाकरी रस्त्यावरच पडलेली मी पाहिली होती.

"पोचला गं," म्हटलं.

*

वत्सू घरी आली ती एक पाय ओढतच. चाळीनं चौकात सत्कार ठेवला. शाल घातली पलीकडच्या चाळीतल्या दत्तोबांनी. मोर्च्यांत पुढे असायचे, आवाज खणखणीत.

"मुंबईसाठी या पोरीनं पाय दिला! अशी सून ज्या घरात जाईल ते घर धन्य!"

टाळ्या थांबेनात. वत्सूचे वडील, विठूदादा, ढसाढसा रडले. दत्तोबांचा मुलगा लग्नाचाच होता. विठूदादांनी दुसऱ्याच दिवशी जाऊन शब्द टाकला.

रविवारी दत्तोबा मुलाला घेऊन हजर! चाळ सगळी गॅलरीत, मी आत, बश्या भरायला. वत्सूला आधीच खुर्चीत बसवलेलं. पत्रिका जुळली. रंगाचं कुणी काढलं नाही. पोहे दोनदा घेतले.

विठूदादांनी हात जोडले. "मग... पसंत?"

दत्तोबांनी रुमालानं तोंड पुसलं.

"तसं सगळं पसंत आहे हो. तेवढं मुलीला जरा चालून दाखवायला सांगा."